तक्त्यातली हिरडी

पडेगावच्या एका शाळेत 'दाताची रचना' हा तक्ता आम्ही पाहिला. चित्र सुबक, नावे बिनचूक. एनॅमल आहे, डेंटिन आहे, काळ्या रंगातली कीडही आहे. हिरडीच्या वाट्याला मात्र एक गुलाबी पट्टी. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड चित्रात नाहीतच.

आमचा आक्षेप इथेच आहे. कीड ठणकते, म्हणून कळते. हिरडीचा आजार बहुधा दुखत नाही. दात आणि हिरडी यांमधल्या खाचेत जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते, घासताना रक्त येते. 'रक्त येतंय, तर घासू नको' असे घरी सांगतात. वर मशेरी लावायला देतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तक्ता यावर गप्प आहे.

डेन्मार्कमधील एका प्रयोगात (1965) 12 निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. पण सूज मुळापर्यंत उतरून हाड झिजले, तर ते आपोआप भरून येत नाही. मग न किडलेला दातही हलतो.

तक्ता टाकून द्यायला नको. खाच, तंतू, हाड मुलांकडूनच त्यावर काढून घेऊ. खाली लिहू : 'रक्त आले तरी हळुवार घासा; थांबले नाही तर दाखवा.' शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे.