रूकर्टची बालमृत्युगीते : अज्ञात व्याधी आणि करुण रस

फ्रीडरिख रूकर्ट (१७८८–१८६६) हा जर्मन कवी संस्कृताच्या अभ्यासकांना मुख्यतः अनुवादक म्हणून परिचित आहे. नलदमयंतीचे आख्यान त्याने १८२८ मध्ये जर्मन पद्यात उतरविले. ‘गीतगोविंदा’चा त्याचा अनुवाद १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन कृतींच्या मधल्या काळात, १८३४ च्या सुमारास, त्याने आपल्या दोन मुलांच्या मृत्यूवर ४२८ कविता लिहिल्या. ‘किंडरटोटेनलीडर’, म्हणजे बालमृत्युगीते, या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांचा संग्रह कवीच्या निधनानंतर, १८७२ साली प्रकाशात आला. इतक्या थोड्या अवधीत, एकाच विषयावर, प्रसिद्धीचा विचार न करता लिहिलेल्या या रचनांना काव्य म्हणावे की शोकाची दैनंदिनी, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

प्रथम प्रसंग ध्यानात घ्यावयास हवा. रूकर्ट तेव्हा एर्लांगेन विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. १८३३ च्या नाताळाच्या सुमारास त्याच्या घरात स्कार्लेट फीव्हर, म्हणजे लोहितांग ज्वर, शिरला. ३१ डिसेंबर १८३३ रोजी तीन वर्षांची लुईझ गेली. १६ जानेवारी १८३४ रोजी पाच वर्षांचा एर्न्स्ट गेला. थोरले भाऊ वाचले. देवी, गोवर किंवा घटसर्प यांच्याइतका हा रोग मराठी वाचकाच्या परिचयाचा नाही. घसा सुजणे, तीव्र ताप आणि अंगावर उठणारी तांबडी पुरळ ही त्याची प्रमुख लक्षणे. रूकर्टच्या काळी त्याला नाव होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू हे त्याचे कारण होय, हे जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या दांपत्याने १९२० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले, आणि खात्रीचा उपाय पेनिसिलिनच्या रूपाने त्याहूनही उशिरा हाती आला. एकाच घरातील दोन मुले का गेली आणि बाकीची का राहिली, याचे उत्तर १८३४ साली कोणापाशीही नव्हते.

भारतीय साहित्यशास्त्राच्या दृष्टीने येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीचा शोक श्लोकरूप झाला, असे आनंदवर्धन म्हणतो. त्यावर भाष्य करताना अभिनवगुप्त ‘लोचना’त बजावतो, की हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ असता तर रसाला अवकाशच उरला नसता. साधारणीकरण झालेला, आस्वाद्य बनलेला शोक हाच करुणाचा स्थायी भाव होय. या कसोटीवर रूकर्टचा संग्रह प्रथमदर्शनी बाद ठरतो. येथे शोक करणारा आणि लिहिणारा एकच आहे, आणि दोन मृत्यूंपासून त्याला अद्याप काहीच अंतर मिळालेले नाही.

संग्रहातील बराच भाग या आक्षेपाला बळ देतो, हे मान्य करावे लागते. मुले देवदूत झाली, तारे झाली, कोमेजलेली फुले झाली, अशा कल्पना त्यात पुनःपुन्हा येतात. त्या त्या काळच्या सांत्वनपर पद्यात सर्वत्र आढळणाऱ्या आहेत आणि रूकर्टच्या हातून त्यांना फारसे नवे तेज लाभलेले नाही. तथापि ज्या कवितांत सांत्वनाचा प्रयत्न मागे पडतो आणि पित्याची सवय पुढे येते, त्या कवितांना हा आक्षेप लागू पडत नाही. एका कवितेत मुलांची आई दाराशी येते. पित्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे न जाता उंबरठ्याजवळच्या, आईच्या मागोमाग येणाऱ्या मुलीचा चेहरा जेथे दिसावयाचा त्या, सखल जागेकडे वळते. येथे दुःखाचे वर्णन नाही. मूल ज्या उंचीवर दिसत असे, ती उंची नजरेने अजून सोडलेली नाही, एवढीच नोंद आहे. शोक येथे भावोद्गाराच्या पातळीवरून शरीराच्या सवयीत उतरला आहे. आणि सवय सर्वांची असते. साधारणीकरण घडते ते या वाटेने.

दुसऱ्या एका कवितेत वादळी पाऊस चालू आहे. अशा हवेत आपण मुलांना कधीच बाहेर पाठविले नसते, असे पिता पुनःपुन्हा बजावतो. पण त्यांना बाहेर नेण्यात आले, आणि त्याला काही बोलता आले नाही. ही कविता संग्रहाच्या मर्माशी नेते. ज्वरासमोर पिता निरुपाय होता. त्याला त्या शत्रूचे स्वरूपच ठाऊक नव्हते. वादळाचे मात्र त्याला ठाऊक आहे. वादळात दार लावून घ्यावे, मुलांना घरात ठेवावे, हे कोणत्याही बापाला कळते. न कळणाऱ्या संकटाच्या जागी कवी कळणारे संकट ठेवतो, आणि जो पहारा ज्वरापुढे व्यर्थ ठरला तो वादळापुढे पुन्हा उभा करतो. राखावयाचे ते गेले, राखण्याची वृत्ती तेवढी उरली. रोगाचे कारण कळले असते, तर शोकाला दोष देण्यासाठी काही मिळाले असते: दूषित पाणी, निष्काळजी वैद्य, स्वतःची चूक. ते न मिळाल्यामुळे हा शोक हवेकडे, दाराकडे, उंबरठ्याकडे वळतो. कवितांची संख्या आणि पुनरुक्ती यांचे मूळही येथेच शोधावे लागते. ज्या प्रश्नाला उत्तर नाही, तो एकदा विचारून संपत नाही.

मराठीत या संदर्भात गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथेही मृत्यूचा नकार आहे. मांडीवरचे मूल झोपले आहे, असेच आई धरून बसते. मुले फक्त फिरावयास गेली आहेत, असे पित्याला वाटावे, अशी रूकर्टची एक प्रसिद्ध कविता आहे. साम्य उघड असले, तरी भेद अधिक बोधप्रद आहे. गोविंदाग्रजांची आई हे कवीने निर्माण केलेले पात्र आहे. तिच्या भ्रमाबाहेर उभा असलेला वाचक सत्य जाणतो, आणि करुण निष्पन्न होतो तो या अंतरातून. रूकर्टचा पिता आपला भ्रम भ्रम म्हणून ओळखतो, तरी तो त्याच्याकडे वारंवार परततो. अभिनवगुप्ताने मागितलेले अंतर पहिल्या कवितेत पात्रयोजनेतून येते, तर दुसऱ्या कवितेत ते एकाच मनाच्या दुभंगातून येते. दोन्ही मार्ग रसापर्यंत पोहोचतात. दुसरा अधिक दुर्गम आहे, म्हणून तो प्रत्येक कवितेत साधत नाही.

या संग्रहाची आजची कीर्ती गुस्ताफ मालर या संगीतकारामुळे आहे. १९०१ ते १९०४ या काळात त्याने यांपैकी पाच कविता स्वरबद्ध केल्या. १९०५ साली व्हिएन्ना येथे त्या प्रथम गायिल्या गेल्या. १९०७ मध्ये त्याची थोरली मुलगी बालवयातच वारली, आणि तेव्हापासून या गीतांत भविष्यसूचन पाहण्याची प्रथा पडली. ती टीकेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे; नंतर घडलेल्या घटनेने आधीच्या कृतीचा अर्थ ठरत नाही. मालरची निवड मात्र मार्मिक आहे. उंबरठा, फिरावयास गेलेली मुले आणि वादळ या तिन्ही कविता त्याच्या पाचांत आहेत, आणि वादळाची कविता त्याने शेवटी ठेवली आहे. तिच्या अखेरीस मुले आईच्या घरी असावीत तशी विसावली आहेत आणि ईश्वराच्या हाताने झाकली गेली आहेत. पहारा पित्याकडून ईश्वराकडे सोपविला जातो. मूळ संग्रहात मात्र एवढ्यावर काही संपत नाही. पिता पुन्हा दाराशी येतो. पाच गीतांवरून रूकर्टचा शोक शांत झाला असे अनुमान काढणाऱ्या अभ्यासकाने उरलेल्या चारशे तेवीस कविता वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.