जन्मतारीख निवडायची नसते

कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते. शिष्यवृत्तीपासून पेन्शनपर्यंत ज्याच्यासमोर आपण सगळेच कधी ना कधी बसतो, त्या ऑनलाइन फॉर्मची मात्र कुणी करत नाही. मी असे फॉर्म बनवतो, म्हणून त्यातल्या एकाच चौकटीबद्दल लिहितोय. बोट लावलं की छोटं कॅलेंडर उघडतं, तो डेट पिकर.

आधी त्याची बाजू. गोंदियाहून नागपूरला पुढच्या शनिवारी जायचं असेल, तर तिकीट काढताना हे कॅलेंडर फार कामाचं. वार दिसतो, महिना दिसतो, उलटसुलट तारीख टाइप होत नाही. तिथे तारीख खरोखर निवडायची असते. पण तीच चौकट 'जन्मतारीख' या शब्दाखाली लावली की बिघडतं. 1962 साली जन्मलेल्या माणसाने एकेक महिना मागे जायचं, तर सातशेहून जास्त वेळा बोट टेकवावं लागेल. अँड्रॉइडवर वरच्या सालावर दाबलं की सालांची यादी उघडते, पण ते साल दाबायचं असतं हे तिथे कुठेच सांगितलेलं नसतं. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडतं.

ब्राउझरांनीही यात गोंधळ वाढवला. तारखेची तयार चौकट डेस्कटॉपच्या क्रोममध्ये 2012 साली आली, फायरफॉक्समध्ये 2017 साली, मॅकच्या सफारीत तर 2021 साली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती कधी आलीच नाही. मधल्या काळात जो तो आपापलं कॅलेंडर बनवत बसला, आणि त्यातली बरीच अजून वापरात आहेत. त्यांच्यातली एक चूक आपल्या देशात हमखास दिसते. तुम्ही 15 ऑगस्ट निवडता, कॅलेंडर ती मध्यरात्र धरतं आणि जागतिक वेळेत बदलून पाठवतं. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडे 14 ऑगस्टची संध्याकाळ असते. एक दिवस गायब, आणि पडद्यावर मात्र सगळं बरोबर.

हे झालं तंत्राचं. माझा खरा आक्षेप या कॅलेंडरच्या समजुतीवर आहे. आमच्या भागातल्या भिंतीवर जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय असतं, नाहीतर जबलपूरचं लाला रामस्वरूप. दोन्हींत वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि आठवडा वरून खाली वाचायचा असतो. मोबाइलमधलं कॅलेंडर आठवडा आडवा मांडतं. भिंतीवर वाचायला शिकलेली नजर इथे पहिल्यांदा अडखळते.

शिवाय गोंदिया म्हणजे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला टेकलेला जिल्हा. हिंदी भाषिक शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, मराठी घरातला श्रावण साधारण पंधरा दिवसांनी, अमावास्या झाल्यावर. बैलांचा पोळा मात्र दोघांचा एकाच दिवशी: आपल्या हिशेबाने श्रावणाची अमावास्या, त्यांच्या हिशेबाने भादोंची. एकाच गल्लीत महिन्याचं नाव वेगळं आणि दिवस तोच, हे इथल्या माणसांना सहज पेलतं. डेट पिकरला पेलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक दिवसाला एकच चौकोन आणि एकच नाव.

आता यात जुन्या पिढीला बसवून बघा. 'तान्ह्या पोळ्याला झाली', 'धान कापणीच्या दिवसांत झाला', अशीच कित्येकांची जन्माची नोंद. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकला, म्हणून महाराष्ट्रात कितीतरी आजोबांचा वाढदिवस 1 जूनला येतो. आधारच्या नोंदणीत निदान 'अंदाजे' म्हणायची सोय ठेवली गेली; सुरुवातीच्या कित्येक कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं आहे. फॉर्ममधला चौकोन एवढीही मुभा देत नाही. फक्त साल माहीत असलेल्या माणसाकडून तो दिवस आणि महिना वदवून घेतो. मग सेतू केंद्रावरचा मुलगा काहीतरी दाबतो, एका कागदावर 1 जून आणि दुसऱ्यावर 1 जानेवारी होतो, आणि नावं जुळूनही अर्ज अडकतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं. खरं उत्तर लिहायला जागाच नव्हती.

उपाय जुना आणि साधा आहे. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटांच्या नियमावलीत जन्मतारखेसारख्या आठवणीतल्या तारखांसाठी कॅलेंडर न वापरता दिवस, महिना, साल असे तीन वेगळे रकाने सुचवले आहेत. टाइप करताना 5 जूनचा 6 मे होईल, अशी शंका घेतली जाते. रकान्यांवर मराठीत नावं लिहिली आणि महिना आकड्याऐवजी 'जून' असा नावाने दिला, की ती शंका बरीचशी मिटते. आपल्याकडे चौथी गोष्टही हवी: 'नक्की माहीत आहे' आणि 'अंदाजे' यांतली एक खूण. बनवायला एका दुपारचं काम आहे. खात्याने पुढे त्या 'अंदाजे'चं काय करायचं हे ठरवायला जास्त वेळ लागेल, पण तो प्रश्न खात्याचा आहे. आज तो आजीच्या बोटावर ढकलला जातो.

पुढच्या वेळी घरातल्या कुणाचा फॉर्म भराल, तेव्हा कॅलेंडर उघडण्याआधी त्यांना विचारा, 'तुम्हाला काय आठवतं?' त्यांचं उत्तर आणि फॉर्मची चौकट यांत जेवढं अंतर दिसेल, तेवढा तो फॉर्म वाईट बनवलेला आहे.