निवारण आणि निर्मूलन

पनवेल तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी अशा ठिकाणी काही दिवस सेवा करून आरोग्याचा प्रश्न समजून घ्यावा, ही कल्पना स्तुत्यच होय. तथापि सेवेला अभ्यासाची जोड नसेल, तर तीतून केवळ दयाभाव पोसला जातो. संस्थेच्या नावात ‘निवारण’ आहे, ‘निर्मूलन’ नाही, इतकी साधी गोष्टही मग विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाच्या ‘निर्मूलना’ची मर्यादा गाठली, पण त्या शब्दाचा पारिभाषिक अर्थ, दर १०,००० लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकाहून कमी, एवढाच होता. मूळ उपटले गेले, असा नव्हे. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण त्यानंतरही भारतातच आढळत आले. वस्तुतः येथे भाषांतरानेच घात केला आहे.

औषधाची कथा त्या मानाने सरळ आहे. हॅन्सनने १८७३ मध्ये जंतू शोधला; १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. हिंदू विवाह कायद्यात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत कायम होते.