टारफुला उपटायचा, पण केव्हा?

परोपजीवी वनस्पतींचा पाठ आला की आपण सारे शिक्षक कुंपणावरच्या अमरवेलीकडे वळतो. पिवळे दोरे हाताशी असतात, मुलांना दाखवता येतात. ज्वारीच्या रानातला टारफुला मात्र या पाठात सहसा येत नाही. आलाच तर एका ओळीत आटोपतो : फुलण्यापूर्वी उपटून टाकावा. सल्ला चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत लहान शेतकरी मोजतो, अशी आमची तक्रार आहे.

टारफुल्याला हिरवी पाने असतात, त्यामुळे तो साधे तणच वाटतो. त्याचे बी जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे. एका झाडापासून ५० हजारांहून अधिक बिया तयार होऊ शकतात आणि त्या मातीत १० वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ जिवंत राहू शकतात. पिकाच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसायनांची चाहूल लागल्याशिवाय बी रुजत नाही. रुजल्यावर थोड्याच दिवसांत त्याने पिकाचे मूळ गाठले नाही तर अंकुर मरतो. गाठले तर मुळात घुसून पाणी आणि अन्नद्रव्ये ओढू लागतो. हे सगळे घडते मातीखाली. टारफुला जमिनीवर डोके काढतो तेव्हा काही आठवडे उलटलेले असतात आणि ताटे खुरटू लागलेली असतात.

म्हणजे उपटणारा हात नेहमी उशिराच पोचतो. उपटल्याने यंदाचे पीक फारसे वाचत नाही. नवे बी पडत नाही, म्हणून फायदा होतो तो पुढच्या वर्षांत. आता ज्याची जमीन खंडाने घेतलेली आहे आणि पुढच्या साली ती आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने हे श्रम कुणासाठी करायचे? त्याला आळशी ठरवण्यापूर्वी हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

या चाहुलीची कथाही पाठात यायला हवी. टारफुल्याचे बी जागवणारे 'स्ट्रिगॉल' हे रसायन १९६६ साली प्रथम वेगळे केले गेले, ते कापसाच्या मुळांतून. गंमत अशी, की कापसावर टारफुला जगू शकत नाही! बी फसते, रुजते आणि मरते. सापळा पिकामागचे तत्त्व हेच. पण कोणतेही झाड आपल्या शत्रूला साद का घालील? उत्तर २००५ साली जपानी संशोधकांनी दिले. याच गटातील रसायने मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मित्रबुरशीला हाक मारतात. जमिनीत स्फुरद कमी, तितकी हाक मोठी. आणि तीच टारफुलाही ऐकतो. टारफुला भुकेल्या जमिनीत माजतो यामागचे हे एक कारण आहे. 'उपटा' म्हणणाऱ्या सल्ल्यात जमिनीची ही भूक कुठेच येत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. पश्चिम केनियात मक्यावर टारफुल्याची जांभळ्या फुलांची बहीण, स्ट्रायगा हर्मोंथिका, तुटून पडते. तेथे 'इसिपे' ही संस्था आणि इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड यांनी १९९०च्या दशकात खोडकिड्यासाठी 'पुश-पुल' पद्धत उभी केली : मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय चाऱ्याची वनस्पती आणि शेताच्या कडेने हत्तीगवत. डेस्मोडियमच्या ओळींत स्ट्रायगाही कमी होते, हे त्या ओघात लक्षात आले. त्याच्या मुळांतील काही द्रव्ये स्ट्रायगाचे बी जागवतात, तर दुसरी काही अंकुराला मक्याच्या मुळाशी जडू देत नाहीत. शिवाय नत्र आणि चारा मिळतो, तो वेगळा.

उपाय खरोखर सुंदर आहे. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या वर्णनांना. या कथेत अटी गाळल्या जातात. डेस्मोडियमचे बी सहज मिळत नाही, पहिल्या हंगामात ते हळू वाढते आणि त्याची निगा हाताने राखावी लागते. चाऱ्याचा लाभ जनावरे असणाऱ्याला. ज्याच्या दारात गाय नाही त्याचा हिशेब वेगळा. ओळी वर्षानुवर्षे राहायच्या, म्हणजे पुन्हा जमिनीच्या हक्काचा प्रश्न आलाच. (डेस्मोडियम वासाने किडीला पळवते, हा भागही आता वादात आहे. वासाने पतंग दूर जात नाहीत, पानांवरील आकडेदार केसांत अळ्या अडकून मरतात, असे २०२४ सालच्या एका अभ्यासात दिसले.)

अमेरिकेत कॅरोलिना राज्यांत टारफुला १९५६ साली आढळला. सरकारने शेतमालाच्या हालचालींवर बंदी घातली, जमिनीत इथिलीन वायू सोडून बी फसवून रुजवले आणि काही दशकांत रोग आटोक्यात आणला. शास्त्र तेच, कापसाच्या मुळातले. फक्त बिल शेतकऱ्याच्या नावाने फाटले नाही.

इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांना २००९चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः स्ट्रायगाला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या वाणांसाठी. बातम्यांत वाणांचा उल्लेख आला. पण इथिओपियातील शेतांवर ते वाण एकटे गेले नव्हते. सोबत नत्रखत होते आणि पावसाचे पाणी अडवणाऱ्या बांधीव सऱ्याही होत्या.