चाचा कोणाचा?

बालनाट्यातला समुद्री चाचा म्हणजे हाताऐवजी आकडा आणि गडगडाटी हास्य. १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ‘पीटर पॅन’मधल्या हुकचा हा वारसा. मुले खूश होतात. इतिहास विंगेतच राहतो.

सरखेल कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा ठरवले. पण पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नसलेली जहाजे पकडत, कान्होजी ‘दस्तक’ नसलेली. मग एकाचा तो कायदा आणि दुसऱ्याची चाचेगिरी कशी?

माझ्या मते नाटकात एकच प्रसंग दोनदा व्हावा: आधी कान्होजींच्या गलबतावरून, मग पकडलेल्या इंग्रज जहाजावरून. मुलांनी भूमिका बदलाव्यात. पहिल्यांदा शब्द ‘जकात’, दुसऱ्यांदा ‘लूट’. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना नावे ठेवणारा कोण, हे पारखणे तिथेच कळेल.