मंडळाला शिकवले तर मुले शिकतील?

शाळांचा कारभार पाहणाऱ्यांना प्रशिक्षण दिले, तर वर्गातल्या मुलांचे शिकणे सुधारते का? हा प्रश्न अमेरिकेतील आयोवा राज्यात अभ्यासाला घेतला गेला. ‘लाइटहाउस’ म्हणजे दीपगृह, या नावाने तो अभ्यास ओळखला जातो.

अमेरिकेत एका भागातील सर्व सरकारी शाळांचे मिळून एक मंडळ असते. ते बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात. अंदाजपत्रक मंजूर करणे, मुख्य प्रशासक नेमणे ही त्याची कामे. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीपेक्षा त्याचे अधिकार पुष्कळच मोठे. सभासद मात्र शिक्षणातले जाणकार असतातच असे नाही; म्हणून प्रशिक्षणाची गरज. आयोवातील शाळामंडळांच्या संघटनेने १९९८ ते २००० या काळात हा अभ्यास केला. ‘आयोवा स्कूल बोर्ड्स फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अभ्यासासाठी जॉर्जिया राज्यातील सहा मंडळे निवडली. काहींच्या शाळांचे निकाल सातत्याने चांगले, तर काहींचे सातत्याने कमी होते. मुलांची आर्थिक परिस्थिती साधारण सारखी होती. एकूण १५९ मुलाखती झाल्या. कोणते मंडळ कोणत्या गटातले, हे मुलाखत घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ही दक्षता खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

काय आढळले? मुलांविषयी आस्था सगळ्यांनाच होती, आपसातले संबंधही सगळीकडे सलोख्याचे होते. फरक होता तो विश्वासात. चांगल्या निकालांच्या ठिकाणी सभासद म्हणत, सगळी मुले शिकू शकतात. इतरत्र बोट दाखवले जाई ते गरिबीकडे आणि पालकांकडे. याच निष्कर्षांच्या आधारे पुढे मंडळांसाठी प्रशिक्षण आखले गेले.

इथे मात्र थोडे थांबायला हवे. जोमदार रोपाची पाने हिरवीगार असतात. म्हणून पानांना हिरवा रंग लावला तर रोप वाढेल का? विश्वासामुळे निकाल सुधारले, की निकाल चांगले असल्यामुळे विश्वास बसला, हे मुलाखतींवरून ठरत नाही. शिवाय मंडळे केवळ सहा. आणि प्रशिक्षणातून सभासद ‘सगळी मुले शिकू शकतात’ हे वाक्य शिकतील. पण बैठकीत वाचनाच्या वर्गासाठी पैसे मागितले गेले, तर हात वर करतील का?

याचा छडा लावता येण्याजोगा आहे. इच्छुक मंडळांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना यंदा प्रशिक्षण द्यावे, उरलेल्यांना दोन वर्षांनी. मधल्या काळात दोन्हीकडची इतिवृत्ते तपासावीत: बैठकीतला किती वेळ मुलांच्या शिकण्यावर गेला, कोणते ठराव झाले. मुलांची प्रगतीही मोजावी. प्रशिक्षण आवडले की नाही, हे विचारणाऱ्या फॉर्मवर भागवू नये.

प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पण त्यावरचा पैसा आणि वेळ शेवटी मुलांच्या वाट्यातूनच जातो. म्हणून पुरावा मागणे हा मुलांचा हक्क आहे, आणि तो त्यांच्या वतीने शिक्षकांनी मागायला हवा.