‘कमला’ : वृत्तपत्र, सत्ता आणि न्यायाचा प्रश्न

विजय तेंडुलकर यांचे ‘कमला’ (१९८१) हे नाटक आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा स्त्रीवादी जाणिवेचे नाटक म्हणून शिकविले जाते. सरिताचे आत्मभान हा त्याचा केंद्रबिंदू मानून विवेचन केले जाते आणि वृत्तपत्रव्यवसायाचा भाग पार्श्वभूमी म्हणून बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहावयाचा आहे. माध्यमे अन्याय उघडकीस आणतात तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाचे नेमके काय होते, हा प्रश्न या नाटकाने मराठी रंगभूमीवर स्पष्टपणे उभा केला. मात्र तो शेवटपर्यंत धरून ठेवणे त्याला जमले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नाटकाचे मूळ एका वास्तव घटनेत आहे. एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी राजस्थान-मध्य प्रदेश सीमेवरील धौलपूर परिसरातून कमला नावाची स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि ती हकिकत प्रसिद्ध केली. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांनी त्याच वर्षी नाटक लिहिले, पण घटना जशीच्या तशी उचलली नाही. त्यांचा जयसिंग जाधव कमलाला लोहारडागाच्या बाजारातून आणतो (हा भाग तेव्हा बिहारमध्ये होता, २००० पासून तो झारखंडमध्ये आहे). तिची किंमत २५० रुपये. कमला आदिवासी होते आणि तिचे मोल जवळजवळ नवव्या हिश्शावर येते. हा बदल सहज झालेला नाही. बैलापेक्षाही स्वस्त मिळालेले माणूस ही बातमी म्हणून अधिक ‘मोठी’ असते, हे गणित तेंडुलकरांना ठाऊक होते. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ यांसारख्या दैनिकांत काम केलेल्या लेखकाला बातमीचे बाजारमूल्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नाटकातील सर्वांत प्रभावी प्रसंग म्हणजे पत्रकार परिषद, आणि ती रंगमंचावर दाखविलेलीच नाही. जयसिंग आणि त्याचा पत्रकारमित्र जैन मद्याच्या अमलाखाली घरी परततात आणि परिषदेत कमलाला कोणकोणते प्रश्न विचारले गेले ते हसत हसत सांगतात. प्रश्न तिच्या उपासमारीविषयीचे नाहीत, तिला विकणाऱ्यांविषयीचेही नाहीत. आदिवासींमधील लैंगिक स्वैरतेविषयी सुशिक्षित नागर मनात जी चविष्ट कल्पना असते, त्या कल्पनेतून ते आलेले आहेत. प्रेक्षकाला हे प्रश्न हशातून ऐकावे लागतात, आणि कमला त्या वेळी काय बोलली, कशी उभी राहिली, हे त्याला कळत नाही. परिषद प्रत्यक्ष दाखविली असती तर प्रेक्षक कमलाविषयी कळवळला असता आणि स्वतःच्या कळवळ्यावर समाधानी होऊन घरी गेला असता. इथे त्याला जयसिंगच्या दिवाणखान्यात, हसणाऱ्यांच्या शेजारी बसविले आहे. काकासाहेबांना तो हशा सहन होत नाही, हीच काय ती सोय.

परिषदेपूर्वीचा फाटक्या लुगड्याचा तपशील तितकाच बोलका आहे. कमलाला नीटनेटके कपडे द्यावेत, हे सरिताला साहजिक वाटते. जयसिंगला तीच जीर्ण अवस्था हवी असते, कारण तो पुरावा आहे. पीडित व्यक्तीचे रूपांतर पुराव्यात झाले की तिची दैन्यावस्था टिकवून ठेवणे ही वार्ताहराची गरज बनते. पुढे १९८३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. मात्र त्या तरतुदीचे संरक्षण कमलासारख्या विकल्या गेलेल्या स्त्रीला केवळ त्या कारणाने मिळाले नसते. कायदा ज्या ठिकाणी थांबतो त्याच्या पुढचे क्षेत्र व्यवसायाच्या नीतीवर सोडलेले असते, आणि जयसिंगची व्यवसायनीती खळबळ या एका शब्दात मावते.

तरीही जयसिंगला केवळ खलनायक ठरविणे हे नाटकाचे अपुरे वाचन होय. त्याच्या निर्भयतेला मालकाने आखून दिलेली सीमा आहे. बड्या लोकांचे हितसंबंध दुखावताच सेठ सिंघानिया त्याला नोकरीवरून काढून टाकतो. ज्याने एका स्त्रीला वस्तूसारखे वापरले, तोच वापरून फेकला जातो. नाटक लिहिले गेले त्याच वर्षी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बॅ. अंतुले यांचे सिमेंट प्रकरण बाहेर काढले आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच १९८२ मध्ये मालक रामनाथ गोएंका यांनी कार्यकारी संपादक अरुण शौरी यांना पदावरून दूर केले. या घटना नाटकाला पुरावा म्हणून जोडण्याचा हेतू नाही. मात्र वृत्तपत्र सत्तेला हादरा देऊ शकते आणि त्याच वृत्तपत्रात संपादकाचे आसन मालकाच्या मर्जीवर असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढे त्यांतून दिसते.

काकासाहेबांचे पात्र मात्र तपासून घेतले पाहिजे. फलटणहून आलेले हे वृद्ध संपादक देशी भाषेतील ध्येयवादी पत्रकारितेचे प्रतिनिधी आहेत. इंग्रजीत, मूठभरांसाठी, रक्ताच्या ताज्या डागांचे वर्णन करणाऱ्या पत्रकारितेवर ते टीका करतात आणि प्रेक्षक त्यांच्याशी सहज सहमत होतो. ही सहमती फार स्वस्तात मिळालेली आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टी लोकांच्या भाषेत बोलत होती हे खरे, पण ‘लोक’ म्हणजे कोण, हे तिने ठरविले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा आरंभीच्या बातम्यांतून अनैतिक संबंधांचा धागा पुढे आला, जात मागे राहिली. नोव्हेंबरमध्ये विदर्भातील दलित समाज रस्त्यावर उतरल्यावर वृत्तपत्रांचे लक्ष वळले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. बातमीने आरंभी जे नाव दिले नाही, ते निकालातही उमटले नाही. येथे प्रश्न इंग्रजी की मराठी हा नव्हता. ‘मूकनायक’ या शीर्षकातच त्याचे उत्तर आहे. ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांच्या हाती स्वतःचे माध्यम असणे आणि दुसऱ्याच्या माध्यमात त्यांच्यावर बातमी येणे यांत मूलभूत फरक आहे. काकासाहेबांच्या ध्येयवादात हा फरक दिसत नाही. आपणही पत्नीशी तसेच वागलो, पुरुष असेच असतात, असे ते सरिताला सांगतात तेव्हा तर त्यांच्या नैतिकतेची मर्यादा तेंडुलकरच दाखवून देतात.

आता कमलाकडे. तिला मूक पात्र समजण्याची सवय चुकीची आहे. मालकाने तुला केवढ्याला विकत घेतले, असे ती सरिताला विचारते आणि त्या एका प्रश्नाने सरिताचे जग बदलते. पण त्यानंतर ती जे सुचविते त्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. कष्टाची कामे आपण करू, लिखापढी सरिताने करावी, मालकाच्या सहवासाचे दिवस दोघींनी अर्धे अर्धे वाटून घ्यावेत, अशी तिची योजना आहे. प्रेक्षक हसतो. वस्तुतः संपूर्ण नाटकात व्यवहार्य तोडगा मांडणारे हे एकच पात्र आहे. दास्य गृहीत धरून त्यातल्या त्यात न्याय्य वाटणी कशी करावी, याचा तिने विचार केलेला आहे. जयसिंगजवळ बातमी आहे, काकासाहेबांजवळ तत्त्व आहे, जैनजवळ विनोद आहे. वाटणीचा विचार फक्त तिच्याजवळ आहे.

आणि नेमक्या याच पात्राला नाटक मध्यावर निरोप देते. तिची रवानगी अनाथाश्रमात होते आणि उरलेला अवकाश सरिताच्या जागृतीला मिळतो. स्वतः पत्रकार परिषद घेऊन नवऱ्याला उघडे पाडण्याचा तिचा विचार, त्याची नोकरी गेल्यावर तात्पुरती माघार, आणि एक दिवस हे दास्य संपेल हा निश्चय, यांत नाट्य आहे. परंतु सरिताचा आरसा बनून झाल्यावर कमलाची गरज संपते. जयसिंगने तिला बातमीसाठी आणले, नाटकाने रूपकासाठी, असा आक्षेप घेता येतो आणि तो पूर्णतः खोडून काढता येत नाही. बंडाची कल्पना करताना सरिताही पत्रकार परिषदेचाच आधार घेते, त्याच मंचावर चढू पाहते. त्या परिषदेसाठी कमलाला अनाथाश्रमातून पुन्हा आणावे, असे मात्र तिलाही सुचत नाही.